जाड टायरचं लफडं

अहो, ऐकलंत ना? बालाघाटातली चांगल्या घरची, नातवंडं असलेली माणसं दिवसाढवळ्या काली पुतली चौकातून पायडल न मारता सायकल पळवतायत! आणि सायकल तरी कसली? विजेवर चालणारी, चार इंची टायर. जुन्या बुलेटचं टायरसुद्धा तिच्यापुढे सडपातळ.

हे जाड टायरचे थेर मूळचे अलास्काच्या बर्फातले. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीने २००५ साली पग्सली नावाची असल्या टायरची, बिनमोटरची सायकल बाजारात आणली आणि साथ पसरली. बर्फात, वाळूत चाक रुतू नये म्हणून ते टायर. आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत. वाळू म्हणाल तर वैनगंगेत हवी तेवढी, पण तिथे कोणी नेईल तर शपथ. पाणी लागलं, मोटरचा कंट्रोलर गेला तर?

नव्याची नवलाई ओसरली, की खरी कुजबुज सुरू होते. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचंच बघा ना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून त्यांनी स्वस्तातली पाहून ऑनलाइन मागवली. पायडलच मारणार, असं घरात जाहीर केलं. मारलंही हो, आठवडाभर. मग उजव्या मुठीतला थ्रॉटल सापडला. काकू म्हणतात, "बॅटरी उतरली बाप्पा, पोट काही उतरलं नाही!"

पंक्चरची तर वेगळीच कथा. गल्लीतल्या सायकलवाल्याकडे एवढी ट्यूब नसते आणि त्याचा पंप त्या मोटारछाप व्हॉल्व्हला बसत नाही. मागच्या चाकात मोटर, म्हणजे आधी वायर सोडवा, मग नट. बाभळीचा एक काटा आणि अर्धा दिवस गेला. हवा भरायला मोटरसायकलच्या दुकानात गेलं, की पोरगा सवयीने तीस-पस्तीस भरतो. गुरुजींना वीसच्या आसपास हवी असते. त्या दिवशी ते बैहर रोडवर प्रत्येक खड्ड्यागणिक उसळताना दिसले.

पोट्ट्यांचे प्रताप तर विचारूच नका. अडीचशे वॉटच्या आत मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत वेग असेल, तर नोंदणी नको, लायसन नको. सरकारने एवढे लाड केले, तर या पठ्ठ्यांनी कंट्रोलरची वेग रोखणारी वायरच काढून ठेवली! मग ती सायकल कायद्याने मोटार वाहनच झाली की. पण पोलिसाने अडवलं, की हे निरागस चेहऱ्याने पायडलकडे बोट दाखवणार.

मोटर तशी गुणी निघाली, खोटं कशाला बोला. ब्रेकच्या पॅड झिजल्या, आऱ्या ढिल्या झाल्या, मडगार्ड खडखडू लागलं, पण ती फिरतेच आहे. दगा दिला बॅटरीने. उन्हाळाभर गुरुजी दुपारी भर उन्हातून यायचे आणि तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावायचे. लिथियमला असली उष्णता सोसत नाही, हे कोण सांगणार? शेवटी मिस्त्रीने पॅक उघडला. निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले सेल, त्यावर निकेलच्या पट्ट्या. छत्तीस व्होल्टच्या पॅकमध्ये दहा गट एकामागे एक जोडलेले असतात. त्याने मीटर लावून एकेक मोजला. नऊ ठणठणीत, एकाने मान टाकलेली. पण तो एक खाली गेला, की आतलं सर्किट सगळ्यांचाच पुरवठा तोडतं. एकत्र कुटुंबात एक रुसला, की सगळ्यांचं जेवण बंद, तसं. गर्रा पुलावर ऐन संध्याकाळी असंच झालं होतं. मग काय, पंचवीस-तीस किलोचं ते धूड पायडल मारत घरी! व्यायाम झाला तो तेवढाच.

आता विकून टाकतील म्हणता? छे! फडक्याने पुसतात काय, पोर्चमध्ये झाकून ठेवतात काय! नवी बॅटरी मागवलीय म्हणे, आणि तिची किंमत ऐकून मिस्त्रीसुद्धा खाली बसला. खोकं आलं तेव्हा काकूंना सांगितलं, चार्जर आहे. तुम्ही मात्र बोलू नका हं काही, मीही फक्त तुम्हालाच सांगितलंय. आणि समोरच्या वहिनींना.