काटा न बघता रीडिंग कसे घ्यावे
(कॉम्प्रेसर रूमच्या नव्या ऑपरेटरांसाठी)

अभिनंदन! कॉम्प्रेसर रूमची किल्ली आता तुमच्याकडे आली आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये ही खोली शोधायला सोपी असते. जिथे आवाज सर्वांत जास्त आणि माणसे सर्वांत कमी, ती हीच. आतल्या यंत्रात दोन स्क्रू एकमेकांत फिरत हवा दाबतात आणि त्या हवेबरोबर तेलही फिरते. तेल वंगण देते, फटी बुजवते आणि मुख्य म्हणजे उष्णता वाहून नेते. दर तासाला त्याचे तापमान आणि दाब लॉगबुकात लिहायचा, एवढेच तुमचे काम. काम सोपे असल्याने ते टाळण्याचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे. त्याची तोंडओळख अशी:

१. पेन आधी, काटा नंतर. शिफ्टच्या सुरुवातीलाच आठही ओळी भरून टाका. ८२, ८२, ८३, ८२. मधला ८३ महत्त्वाचा, त्याच्यामुळे पानाला प्रामाणिकपणा येतो. बुटीबोरीत मे महिन्यात दुपारचा पारा ४५ च्या घरात जातो आणि पहाटे बराच खाली येतो, पण तुमचे ८२ हलता कामा नये. कॉम्प्रेसर रूमला नसलेला एसी लॉगबुकाला असतो. ऑडिटरला सरळ रेघ आवडते.

२. थंड ते चांगले, असे धरून चाला. स्क्रूमधून बाहेर पडणारी तेल-हवा साधारण ७५ ते ९५ अंशांवर असावी लागते. ६० दिसले तर खूश व्हा, चौकशी करू नका. चौकशी केलीत तर कळेल की जुलैत महाड किंवा लोट्याची दमट हवा ७ बारपर्यंत दाबली, की तिच्यातली वाफ ७० अंशांच्या आसपासच पाणी होऊ लागते. तेल त्याहून थंड असेल तर ते पाणी तेलातच उतरते. काही दिवसांत तेल ताकासारखे पांढरट होते आणि बेअरिंगला गंज धरतो. हे टळावे म्हणून तेल तापेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणारा थर्मल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो काढून टाकला की तेल कायम गारेगार राहते आणि तुमची वाहवा होते. गंज दिसेपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

३. तापले तर मशीनचे ऐकू नका, समजूत घाला. १०५ ते ११० अंशांना मशीन ट्रिप होते. कूलरच्या पाकळ्यांत शिरोलीला फाउंड्रीची धूळ अडकते, इचलकरंजीला कापसाचे तंतू. त्या साफ करायला तास जातो, ट्रिपचे सेटिंग वाढवायला अर्धे मिनिट. ३७ किलोवॉटचे मशीन खाते ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून आवाज नको या सबबीखाली खोलीचे दार घट्ट लावून घ्यावे. तापमान दर १० अंशांनी चढले की तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते. हा ठोकताळा तेल विकणाऱ्याला पाठ असतो, तुम्ही करण्याची गरज नाही.

४. हवेचा दाब बरा, म्हणजे सगळे बरे. बहुतेक स्क्रू मशीनमध्ये तेलाला वेगळा पंप नसतो. टाकीतल्या हवेचा दाबच तेलाला पुढे ढकलतो. लाइन रिकामी असली तरी टाकीत ४ बारच्या आसपास दाब टिकावा, यासाठी एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडाच अडकला, किंवा तेलाचा फिल्टर चोंदला, तर स्क्रूपर्यंत तेल कमी पोचते आणि तापमान चढू लागते. म्हणजे तक्रार दाबाची असते आणि बोलतो तापमानाचा काटा. दोन्ही रीडिंग शेजारी ठेवून वाचली तर हे लगेच लक्षात येते. म्हणून ती वेगवेगळ्या वहीत लिहावीत.

५. फरक शून्य झाला की पेढे वाटा. सेपरेटर हवेतून तेल गाळतो. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक हळूहळू वाढतो आणि १ बारच्या आसपास पोचला की तो बदलायचा असतो. एखाद्या सकाळी हा फरक अचानक शून्यावर आला, तर सेपरेटर आपोआप बरा झाला असे जाहीर करा. प्रत्यक्षात तो फाटलेला असतो. आता तेल हवेबरोबर लाइनमध्ये, तिथून पेंटशॉपच्या गनमध्ये आणि तिथून गिऱ्हाइकाच्या मालावर जाते. पण पेंटशॉप दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे.

६. एकक लिहू नका. पहिल्या शिफ्टने १०० लिहावे, दुसरीने ७. पहिला पीएसआयमध्ये, दुसरा बारमध्ये, आणि दोघेही बरोबर. तिसऱ्या शिफ्टचा माणूस काय समजेल, तो त्याचा प्रश्न.

७. अडकलेल्या गेजचा मान राखा. १८४९ मध्ये बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने पेटंट घेतलेली ती वाकडी नळी आजही आपल्या गेजमध्ये बसलेली असते. मशीन बंद, टाकी रिकामी, तरी काटा ३ वर असेल तर त्याला दोष देऊ नका. लाइट गेली तरी रीडिंग देणारा तेवढा एकच कर्मचारी आहे.

परिशिष्ट: कंटाळवाणी पद्धत. काही जुने फिटर वेगळेच करतात. मशीन बंद करून दाब शून्यावर आला, की आधी काटाही शून्यावर आला का ते बघतात, मगच तेलाची पातळी. चालू मशीनचे रीडिंग रोज सारख्याच लोडवर घेतात आणि शेजारी खोलीचे तापमान लिहितात. मग तेलाच्या तापमानातून खोलीचे वजा करतात. हा फरक ४० होता आणि महिन्याभरात ४८ झाला, की कोणी न सांगता कूलर साफ करायला घेतात. त्यांच्या पानावरची रेघ वेडीवाकडी असते.

या पद्धतीचा एक गंभीर तोटा आहे. तिच्यामुळे मशीन बंद पडत नाही. मशीन जाम झाले असते, तर रात्रभर जागून ते चालू करणाऱ्याला मालकांनी सर्वांसमोर हात मिळवून शाबासकी दिली असती. जे जामच झाले नाही, त्याबद्दल मालक एवढेच म्हणतात, ‘मशीन चांगलं निघालं आपलं.’ बढती हवी असेल तर पद्धत विचारपूर्वक निवडा.