मुदत शिक्षकाला, मुदतवाढ रिक्त पदाला

प्रति,
माननीय तात्पुरती व्यवस्था,
कायमचा मुक्काम : शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : पाव शतकाच्या अखंड तात्पुरत्या सेवेबद्दल अभिनंदन.

महोदया,

अर्हताधारक उमेदवारास तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर राबवून मगच शिक्षक मानणारी शिक्षणसेवक योजना राज्यात २००० साली सुरू झाली. जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार रुपयांवर गेले, तरी सेवकपण जागच्या जागी राहिले, यावरून सदर व्यवस्थेची प्रकृती ठणठणीत असल्याचे दिसते.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा मात्र तात्पुरतेपणाविषयी काहीसा भाबडा निघाला. प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नसतील तेथे किमान अर्हतेत सवलत देता येईल, पण ती पाच वर्षांपलीकडे नसावी, असे त्याच्या कलम २३ मध्ये लिहिले गेले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने, आधीच सेवेत असलेल्या अप्रशिक्षितांना ३१ मार्च २०१९ पर्यंत वेळ वाढवून देण्यात आला. त्याच कायद्याचे कलम २६ शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत असे बजावते. ही मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याची वेतनवाढ रोखली गेल्याचे सहसा ऐकिवात येत नाही, हा कायद्याचा दोष म्हणावा की सौजन्य, हे अभ्यासकांनी ठरवावे.

जुलै २०२३ चा शासन निर्णय तर या परंपरेचा कळसच होय. जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना वयाच्या सत्तरीपर्यंत दरमहा वीस हजार रुपयांवर कंत्राटी नेमण्याची मुभा त्याने दिली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन ज्या गुरुजींना निरोप दिला, त्यांनाच पुन्हा फळ्यापाशी उभे करण्याची सोय झाली. या हिशेबात निवृत्तिवेतन घेणाऱ्यास वरकड वीस हजार आणि घरसंसार मांडू पाहणाऱ्या, डी.एड. झालेल्या, शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण होऊन ‘पवित्र’ या भरती-संकेतस्थळावर ताटकळलेल्या तरुणास, नेमणूक झालीच तर, सोळा हजार पडतात. काटकसरीचे याहून कोडे घालणारे उदाहरण सापडणे कठीण.

दरम्यान १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सेवेचा पाच वर्षांहून अधिक कालावधी उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले. मुलांना पात्र शिक्षक मिळावा हा आग्रह रास्तच आहे; तथापि जो वर्गात उभा आहे त्याच्यापुढे मुदतीचा काटा, आणि जेथे कोणीच उभे नाही ती जागा निश्चिंत, अशी ही विभागणी आहे.

सबब, सदर व्यवस्थेने रिक्त पदासही दोन वर्षांची मुदत नेमून देण्याचा प्रस्ताव सादर करावा, आणि तेवढ्या काळात ते भरले न गेल्यास, ते भरण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यास तीन वर्षे शिक्षणसेवकाच्या मानधनावर ठेवून त्याची योग्यता पाहण्यास हरकत नसावी.

कळावे.