शनिवार-रविवारचे एकलव्य
समजा, शिरूर-दौंडच्या एखाद्या कृषिपर्यटन केंद्रावर शनिवार-रविवारी लाकडी धनुष्यांचा मेळा भरला. पुण्याहून एकलव्य मोटारीने येतील. अंगठे दोन्ही शाबूत, उजवा मात्र मोबाइलमध्ये गुंतलेला. ‘आपली प्राचीन विद्या’ म्हणत प्रत्यंचा ओढतील अन् सोमवारी खांद्याला बाम चोळतील. आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’मध्ये बांबूच्या धनुष्याने 50 आणि 30 मीटरवर नेम धरतात, असं सांगितलं तर आधी नाश्त्याची वेळ विचारतील. (साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला जागतिक सुवर्ण जिंकलं, ते चाकं लावलेल्या कंपाउंड धनुष्यावर. बुडाली की परंपरा!) चुकलेला बाण उसात जाईल. तो आणायला कुणीच उठणार नाही. इकडच्या उसात बिबट्या असतो, आणि त्याला वीकेंड कळत नाही.