काढेअप्पा आणि एकवीस द्रव्ये

काढेअप्पा या गृहस्थांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही, कारण महाराष्ट्रात ज्या गृहसंकुलाला जिना, सूचनाफलक आणि तुळशीची कुंडी आहे तेथे त्यांची किमान एक आवृत्ती वास्तव्य करून असतेच. येथे विचार केला आहे तो सांगलीच्या विश्रामबागेतील आवृत्तीचा, आणि तोही अशासाठी की पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या अप्पांनी मानवी शरीराच्या प्रतिकारशक्तीला धरणाच्या पाणीसाठ्याची जी परिभाषा लावली आहे, ती इतर आवृत्त्यांत सहसा आढळत नाही. कोयनेत आज किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट, पाणी आहे हे ज्या सुरात सांगावे त्याच सुरात ते समोरच्या माणसाचा साठा जाहीर करतात. नुसती शिंक आली तर साठा साठ टक्के, नाक वाहत असेल तर तीस, आणि आवाज बसला असेल तर अप्पांच्या मते तळ दिसू लागलेला असतो. मापनाचे साधन विचारले असता ते "डोळ्यांखाली बघितलं की कळतंय ओ" एवढेच सांगतात आणि थर्मासचे झाकण फिरवू लागतात.

थर्मासात काढा असतो. या काढ्याला निश्चित जन्मतारीख आहे. ३१ मार्च २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती राखण्यासाठी काही घरगुती उपाय सुचवले होते. त्यांत तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका या पाच द्रव्यांचा काढा, सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश आणि १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद यांचा समावेश होता. त्याच सुमारास शेजारच्या इस्लामपुरात रुग्ण वाढत चालल्यामुळे सगळा जिल्हा धास्तावलेला होता, आणि अप्पांनी ती सूचना ज्या निष्ठेने अमलात आणली त्या निष्ठेने खात्यातील एकही परिपत्रक त्यांनी पूर्वी वाचले नसावे. मंत्रालयाची द्रव्ये मात्र पाचच राहिली आणि अप्पांची वाढत गेली.

सहावे द्रव्य दुसऱ्याच दिवशी आले व ते अर्थातच हळद होते. ज्या शहराच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने माल विकण्याचा कायदेशीर अधिकार, मिळाले आणि ज्याच्या वेशीवरील हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची परंपरा होती, त्या शहरातील माणूस हळद वगळून काढा करील हे संभवनीय नाही. हळदीच्या संदर्भात अप्पा एक लढाई सांगतात. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले, भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली जुने ग्रंथाधार पुढे करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले, एवढी ही हकिगत आहे. अप्पांच्या कथनात मात्र ती दरवर्षी लांबत जाते, आणि "आपण मग त्यांना सोडलं नाही" या वाक्यातील 'आपण'मध्ये अप्पा स्वतः नेमके कोठे उभे होते हे श्रोत्याला शेवटपर्यंत समजत नाही.

पुढील वाढ संस्थात्मक स्वरूपाची होती. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी लवंग व गवती चहा सुचवल्यामुळे द्रव्ये आठ झाली. मिरजेच्या व्याह्यांनी ज्येष्ठमध, अडुळसा आणि ओवा यांची शिफारस केल्यामुळे ती अकरावर गेली. या विस्ताराचा नियम एकच असून तो अत्यंत कठोर आहे: पातेल्यात एकदा गेलेले द्रव्य पुन्हा बाहेर पडत नाही, कारण ते वगळणे म्हणजे ते सुचवणाऱ्याचा अपमान करणे होय. अडुळशाने काढा कडू झाला हे घरातील सर्वांना मान्य होते; परंतु अडुळसा व्याह्यांचा होता. चौदावे द्रव्य जायफळ. त्याने गुंगी येते हा घरोघरचा अनुभव असून, जानेवारी २०२१ मध्ये वाहनतळावर अंतर राखून भरलेल्या सोसायटीच्या वार्षिक सभेपूर्वी अप्पांनी सर्वांना फुलपात्रभर काढा दिल्याने गेली चार वर्षे वादात अडकलेला पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव कोणत्याही चर्चेविना संमत झाला. संख्या एकवीसवर पोहोचल्यावर अप्पांनी स्वतःच विस्तार थांबवला, कारण गणपतीलाही पत्री एकवीसच लागतात आणि सांगलीत त्याहून पुढे जाणे त्यांना शोभणारे वाटले नाही.

शास्त्राच्या दृष्टीने अप्पांची अडचण अशी आहे की प्रतिकारशक्ती ही साठवण्याची वस्तूच नव्हे. तिचे ढोबळ मानाने दोन विभाग मानले जातात. एक जन्मजात प्रतिकारशक्ती, जी त्वचा, श्लेष्मल आवरण आणि काही पांढऱ्या पेशी यांच्या बळावर कोणत्याही आगंतुकाला सरसकट अडवते, आणि दुसरी अर्जित प्रतिकारशक्ती, जी विशिष्ट जंतूची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्या जंतूला नेमकी चिकटणारी प्रथिने, तयार करते व ती ओळख दीर्घकाळ लक्षात ठेवते. यांपैकी कोणत्याही विभागाला काठोकाठ भरण्याची सोय नाही, आणि तशी ती असती तरी इष्ट ठरली नसती. कारण याच यंत्रणेचा अतिरेक झाला की परागकणांनी शिंका सुरू होतात, आणि तिने स्वकीयांनाच परके मानले की संधिवातासारखे स्वयंप्रतिरोधी विकार उद्भवतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी आणि नंतर ४५ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर काय होते हे ज्यांनी नोकरीत असताना रात्री जागून मोजले, त्या अप्पांना पाणी वाढणे म्हणजे दर वेळी कल्याणच असे वाटावे, ही त्यांच्या विचारातील सर्वांत मोठी विसंगती म्हणावी लागेल. ती त्यांच्या निदर्शनास आणून दिली असता ते क्षणभर थांबले, "ते नदीचं झालं" असे म्हणाले, आणि फुलपात्र पुढे केले.

पूरक गोळ्यांच्या, म्हणजे आहाराबाहेरून घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या व खनिजांच्या बाबतीत अप्पांची भूमिका अधिकच गुंतागुंतीची आहे. 'नैसर्गिक तेच घ्यावे' हा त्यांचा सिद्धांत असूनही सदऱ्याच्या खिशात क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलीग्रॅमच्या चोखायच्या गोळ्यांची पट्टी असते, आणि ही गोळी नैसर्गिक कशी या प्रश्नावर "संत्र्याचा वास येतोय की" हे उत्तर सिद्ध असते. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये सर्दीवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून या गोळीला जी प्रतिष्ठा लाभली ती पुढील चाचण्यांनी डळमळली तरी नाहीशी झाली नाही. या चाचण्यांचे सार असे की सामान्य माणसाने गोळी रोज घेतली तरी त्याला सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही, मात्र प्रौढांत तिचा मुक्काम सुमारे आठ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत आटोपते, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचे श्रेय घेण्यास अप्पा जिना उतरून येतात. प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी लागणारे क जीवनसत्त्व ८० मिलीग्रॅमच्या आसपास आहे आणि १०० ग्रॅमच्या एका पेरूत त्याच्या दुपटीहून अधिक असते. पेरू अप्पांच्या दारातच आहे. तो ते खात नाहीत, कारण पेरूने सर्दी होते.

येथपर्यंतचा प्रकार निरुपद्रवी आहे, पुढचा नाही. जस्त दीर्घकाळ मर्यादेबाहेर घेतल्यास शरीरात तांब्याची उणीव निर्माण होते, आणि ड जीवनसत्त्व मेदात साठून राहत असल्याने त्याचा अतिरेक लघवीवाटे सहज निघून जात नाही. आमराईतील एका सद्गृहस्थांना डॉक्टरांनी ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिली होती. त्यांनी ती साठा लवकर भरावा म्हणून रोज घेतली, रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या सुरू झाल्या व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. अप्पा थर्मास घेऊन तेथे गेले होते. बारावे द्रव्य असलेली गुळवेल ही त्याहून नाजूक बाब आहे. सोसायटीच्या कुंपणालगतच्या कडुनिंबावर तिला अप्पांनीच चढवले. परंतु २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेऊन वनस्पतीची ओळख पटवण्यात गल्लत झाली असावी असे म्हटले, आणि पुढील वर्षी अनेक केंद्रांतील अधिक रुग्णांची माहिती पुढे आली. वाद तज्ज्ञांचा असला तरी वेल ओळखणारे अप्पा एकटेच होते. त्यांची सून, जी मिरजेच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, तिने एके सकाळी काहीही न बोलता त्यांचे रक्त काढून नेले. अहवाल नीट आला, आणि त्यानंतर गुळवेल पातेल्यात मोजून एक काडी पडू लागली. नियमाला झालेला हा एकमेव अपवाद होय, आणि तोही वगळण्याचा नसून आखडण्याचा आहे.

अप्पांना हसणाऱ्याने एक गोष्ट मात्र नाइलाजाने त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. २०२० नंतर बाजारात प्रतिकारशक्तीच्या नावाने जे जे विकले गेले, ज्यात मध्य प्रदेशात मसाल्यांच्या अर्कात भिजवून तयार केलेल्या साड्यादेखील होत्या, त्यातील कोणतीही वस्तू अप्पांनी कोणाच्या गळ्यात मारली नाही. सुंठ गणपती पेठेतून स्वतःच्या पैशाने आणावी, गॅस स्वतःचा जाळावा, मधुमेह्यांसाठी बिनगुळाचा दुसरा थर्मास वेगळा भरावा आणि मोबदल्यात समोरच्याचे वाकडे झालेले तोंड पाहावे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शिवाय १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांसाठी लसीकरण खुले झाले तेव्हा केंद्रासमोरील रांगेत अप्पा पहिल्या दहांत होते. अर्जित प्रतिकारशक्ती शिकवण्याचा खात्रीचा मार्ग त्यांनी अशा रीतीने बिनतक्रार पत्करला, लसीनंतर ताप आला नाही याचे श्रेय काढ्याला दिले आणि वृद्धांमध्ये असा ताप मुळातच कमी येतो हे परिचारिकेचे म्हणणे ऐकू आले नाही असे दाखवले. त्या महिन्यानंतर आलेल्या लाटेत, जेव्हा दारावर लाल फलक लागलेल्या घराच्या जिन्यावर सख्खे नातलगही पाऊल ठेवत नव्हते, तेव्हा त्या दारांबाहेर सकाळी सात वाजता झाकलेले फुलपात्र ठेवलेले असे. ते ठेवणाऱ्याला एप्रिलच्या अखेरीस व्हायचे तेच झाले.

आजार सौम्य होता व अप्पा घरातच बरे झाले, परंतु वास गेला आणि तो अद्याप पुरता परतलेला नाही. ज्याला चव म्हटले जाते तिचा मोठा भाग वस्तुतः वास असतो. मिरीचा तिखटपणा मात्र गंधाच्या चेतातंतूंवाटे न जाता चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या वेगळ्या चेतातंतूंवाटे मेंदूकडे जातो. त्यामुळे अप्पांना आज आपल्या काढ्यातील तुळस, दालचिनी, गवती चहा यांपैकी काहीही कळत नाही, फक्त मिरी घशाला धरते तेवढे कळते, आणि साहजिकच मिरी वाढत चालली आहे. एकवीस द्रव्यांपैकी वीस ते स्मरणाने घालतात. पूर्वी ते फुलपात्र देऊन "घशाला धरतंय न्हवं? मग लागू पडलं" असे सांगत असत, आता ते फुलपात्र देतात, समोर उभे राहतात आणि "कसा झालाय?" असे विचारतात. पूर्वी हा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारल्याचे सोसायटीत कोणालाही आठवत नाही, आणि उत्तर म्हणून सर्वजण घाईघाईने "झकास" म्हणून मोकळे होतात.

ज्या वाचकाच्या इमारतीत असे अप्पा असतील त्याने गोळ्यांची पट्टी आणि पुडीची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारावी, गुळवेल रोज घेऊ नये, पेरू खावा. आणि काढा हातात आला तर एक घोट घेऊन दालचिनी जाणवते की नाही, मिरी किती जास्त झाली, हे अप्पांना खरेखरे सांगावे.