सव्वानंतर दीड येत नाही, साहेब!

ज्यांच्या कृपेने माझे रविवार सार्थकी लागतात, त्या ओपन सोर्स निर्मात्यास,

सा. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. मी डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी फावल्या वेळात पॅकेजं बांधणारा एक हमाल. आपण प्रोग्रॅम लिहून मोकळे होता. तो कुणी मागवला की निमूटपणे त्याच्या संगणकावर जाऊन बसावा, यासाठी मधे जो गाठोडी बांधतो, तो मी. पगार आपल्यालाही नाही आणि मलाही नाही. तेव्हा हे पत्र एका बिनपगाऱ्याने दुसऱ्या बिनपगाऱ्याला लिहिलं आहे, असं समजावं.

आधी आपल्या चि. प्रोग्रॅमच्या बारशाबद्दल अभिनंदन. आमच्याकडे बारसं एकदाच होतं, आपण ते दर रिलीजला करता. एकदा फाइल आली ती ‘व्ही१.०.टार.जीझेड’. त्यात प्रोग्रॅमचं नावच नव्हतं. माझ्या डाउनलोडच्या फोल्डरात आधीच चार वेगवेगळ्या घरांतली व्ही१.० नावाची बाळं रांगत होती, त्यांत हे पाचवं. पुढची आली ‘रिलीज_१_०_१’, मग ‘फायनल’, आणि फायनल झाल्यावर ‘फायनल-न्यू’. नवी आवृत्ती आली का हे पाहायला आम्ही वॉच फाइल ठेवतो. त्यात नावाचा साचा लिहून दिला की यंत्र स्वतः जाऊन त्यात बसणारी फाइल हुडकतं. आपल्या कल्पकतेमुळे माझा साचा आता आपल्या प्रोग्रॅमपेक्षा अवघड झाला आहे.

गाठोडं सोडण्याचा आनंद तर वेगळाच. आत एक फोल्डर असेल आणि सगळं त्यात नीट निघेल, अशी माझी भाबडी समजूत. आपल्या टारबॉलमध्ये, म्हणजे त्या ‘.टार.जीझेड’ गाठोड्यात, फोल्डर नव्हतंच. दिवाळीत अनार फुटावा तशा फाइली माझ्या होम डिरेक्टरीभर उडाल्या आणि माझी जुनी ‘रीडमी’ आपल्या ‘रीडमी’खाली गाडली गेली. आपल्या ‘रीडमी’त एकच ओळ होती: ‘लवकरच लिहू’.

आता आकड्यांकडे वळतो, कारण आपली खरी प्रतिभा तिथे फुलते. सुरुवातीला आपण आवृत्तीला तारीख दिलीत: २०२१०८१५. सोपं, सुटसुटीत. पुढच्या वर्षी प्रोग्रॅम वयात आला असं आपल्याला वाटलं आणि आपण १.० जाहीर केलीत. यंत्र बिचारं हिशेबी. त्याच्या लेखी दोन कोटींवरून आपण एकावर आलात, म्हणजे मागे गेलात. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्यांना नवी कधी दिसलीच नसती. अशा वेळी आमच्याकडे एकच इलाज उरतो, त्याला इपॉक म्हणतात. आकड्यापुढे ‘१:’ लावायचं आणि यंत्राला सांगायचं, बाबा, नवं युग सुरू झालं, मागचं विसर. पण हे युग संपत नाही. एकदा लावलेला इपॉक काढला की सगळं पुन्हा मागे जातं. आपला तो एक रविवारचा उत्साह या पॅकेजच्या कपाळावर जन्मभर गोंदलेला राहील. आपण ‘०~२०२१०८१५’ असं लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती. तो नागमोडी ‘~’ आमच्याकडे शून्याच्याही खाली बसतो. म्हणून तर १.०~आरसी१ ही चाचणीची आवृत्ती १.० च्या आधी लागते, आणि ‘~’ न घालता १.०आरसी१ लिहिलं तर ती १.० च्या डोक्यावर चढून बसते.

पुढे आपण १.२५ काढलीत आणि तिच्यानंतर १.५. सव्वानंतर दीड! आमच्या आजीने पाठ करून घेतलेला पाढा आपण विसरला नाहीत, याचं कौतुकच आहे. फक्त यंत्राला सव्वा-दीड कळत नाही. त्याच्यासाठी ते टिंब दशांशाचं नाही, दोन घरांमधली भिंत आहे. भिंतीपलीकडे पंचवीस आणि पाच, आणि पंचवीस मोठे. म्हणूनच १.१० ही १.९ च्या नंतरची असते, आधीची नव्हे. शेवटी मी गुपचूप आपल्या १.५ ची १.५० केली. आता लोक मला विचारतात, १.५० कुठून आली, ती तर मूळ लेखकाने काढलीच नाही. काय सांगू?

आकड्यांशी खेळावंच असं वाटत असेल तर डोनाल्ड कनुथ यांच्याकडे बघा. त्यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमची आवृत्ती दर सुधारणेला पाय (π) या संख्येच्या एकेका अंकाने वाढते. २०२१ साली ती ३.१४१५९२६५३ झाली. आपल्यानंतर ती पाय म्हणून कायमची गोठवावी, असंही त्यांनी सांगून ठेवलं आहे. लहर म्हणावी तर केवढी! पण त्या लहरीतही पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठाच असतो, आणि यंत्राची एकदाही तक्रार नाही.

इथवरचं सगळं मी हसून सोसलं. हे पत्र लिहायला लावलं ते मागच्या महिन्यातल्या कामगिरीने. आपण १.६ काढलीत. मी ती उतरवली, बांधली, तपासली. दोन दिवसांनी आपल्याला एक स्पेलिंग चुकलेलं दिसलं. आपण ते सुधारलंत, टॅग (आवृत्तीची खूण) उचलून नव्या जागी ठेवलात आणि फाइल बदललीत. आकडा तोच, १.६. कुणाला कानोकान खबर नाही.

प्रत्येक फाइलचा आम्ही चौसष्ट अक्षरी ठसा घेऊन ठेवतो. एक स्वल्पविराम हलला तरी सगळा ठसा बदलतो. गाठोडी बांधणारी इतर घरं, म्हणजे होमब्रू असो, आर्च असो, फ्रीबीएसडीचे पोर्ट्स असोत, सगळीकडे असा ठसा नोंदलेला असतो आणि तो जुळला नाही की काम तिथेच थांबतं. डेबियनचं भांडार तर त्याच नावाची वेगळी मूळ फाइल आतच घेत नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर आपोआप तयार होणाऱ्या फाइली दाबण्याची रीत जराशी बदलली. आतला मजकूर अक्षरशः तोच होता, तरी ठसे बदलले आणि जगभरची बांधकामं अडली. काही तासांत तो बदल मागे घ्यावा लागला.

एवढा संशय कशाला, असं आपण विचाराल. मार्च २०२४ आठवा. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ या टारबॉलमध्ये अशी एक स्क्रिप्ट होती जी मूळ कोडच्या रेपॉझिटरीत नव्हतीच, आणि तिनेच चोरदरवाजा उघडला. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीला आलं. आकडा मागे नेता येत नाही, त्यामुळे डेबियनला जुन्या आवृत्तीवर परतताना ‘५.६.१+रिअली५.४.५’ असं नाव द्यावं लागलं. वरवर ५.६.१, खरं तर ५.४.५. एका चोराने केलेली जखम आकड्यावर अशी दिसते.

आता माझी अडचण समजून घ्या. एकाच आकड्याखाली फाइल बदलली, एवढंच मला दिसतं. बदलणारा आळशी होता की चोर, हे ठसा सांगत नाही. आपण स्पेलिंग सुधारलंत, आणि मी अख्खा रविवार दोन्ही फाइली ओळीने ताडून पाहत आपण चोर नाही हे सिद्ध करत बसलो. सिद्ध झालं, अभिनंदन.

आपण म्हणाल, फुकट देतो, वर नावं ठेवता? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, मान्य. मी दात मोजतच नाही. फक्त रात्रीतून गाय सोडून त्याच दाव्याला म्हैस बांधू नका. तलाठीसुद्धा सातबाऱ्यावर नाव बदलताना फेरफाराची नोंद घालतो. आपल्याला तर तेवढंही नको, शेवटचा आकडा एकाने वाढवला की झालं. आकडे फुकट असतात आणि संपत नाहीत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा (एका वेळी एकाने).

आपला,
एक गाठोडेवाला

ता. क. पत्र धाडल्यावर त्यात शुद्धलेखनाची एक चूक सापडली. ती सुधारून हेच पत्र १.०.१ म्हणून पुन्हा पाठवत आहे. आधीचं १.० जिथे आहे तिथेच, चुकीसकट, राहील.