पिनेला गंज नाही ना?

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ शेवटच्या पानावर कुणाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवतो, हे आता कुणीच विचारत नाही. पिना ओरिजिनल आहेत का, एवढंच विचारतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. सुटे नटबोल्ट, पंख्याची पाती आणि एकेकट्या बुटांच्या ढिगाशेजारी एक गृहस्थ उकिडवे बसलेले असतात. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा अंक. मुखपृष्ठावर डायना संकटात आहे, वेताळ घोडा फेकत निघालाय, डेंकालीचं अख्खं जंगल श्वास रोखून बसलंय. गृहस्थांचं तिकडे लक्ष नाही. त्यांनी अंक बरोबर मधोमध उघडलाय आणि ते दोन पिनांकडे बघतायत. वरची पिन बघून झाली की खालची. खालची बघून झाली की पुन्हा वरची. रद्दीवाला बिडी संपवतो, दुसरी पेटवतो. तेवढ्यात गृहस्थ मान हलवतात. "गंज आहे हो."

आता हे पिनेचं शास्त्र नीट समजून घ्या. पिनेला गंज असला की अंकाचा भाव पडतो, कारण गंज कागदात उतरतो आणि मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो. ठीक आहे. मग गंज नसला की भाव चढत असेल? छे. गंज नसला की संग्राहक डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "बदललेल्या दिसतायत." कारण इंद्रजालची मालिका सुरू झाली मार्च १९६४मध्ये आणि बंद पडली १९९०मध्ये. एवढ्या वर्षांत ज्या प्रदेशात छत्रीच्या काड्या, कपाटाच्या बिजागऱ्या आणि सरकारी पूल गंजायचे थांबले नाहीत, तिथे एक पिन कोरी करकरीत राहतेच कशी? म्हणजे गंजलेली पिन हा तोटा आणि न गंजलेली पिन हा घोटाळा. पिनेने करावं तरी काय?

तिने बेताने गंजावं, अशी अपेक्षा आहे. वय दिसेल इतपत गंज, पण पानाला लागू नये इतपत संयम. अशा पिनेला मागणी फार, पुरवठा कमी. तेव्हा पुढचं मला आत्ताच दिसतंय. कुठल्यातरी गल्लीत नव्या पिना मिठाच्या पाण्यात भिजवून, गच्चीवर वाळवून, 'सत्तरच्या दशकातल्या' म्हणून डबीने विकल्या जातील. मग मालाला गाव चिकटेल. 'सोलापूरचा कोरडा अंक' महाग आणि 'रत्नागिरीचा ओला' स्वस्त, कारण सोलापुरात ऊन आणि रत्नागिरीत पाऊस. कोकणातले लोक आपले अंक आटपाडीच्या मावशीकडे वर्षभर ठेवून मग बाजारात आणतील. त्यावर उपाय म्हणून पिनतज्ज्ञ निघतील, ते गंजाचा रंग बघून तालुका सांगतील. मग पिनेचा सातबारा निघेल: मूळ पिन कोणाची, फेरफार कधी झाला, मध्ये स्टेपलरचा बोजा चढला होता का. मग दोन पिनतज्ज्ञांचं भांडण होईल, एकाच्या मते खालची पिन मूळची आणि वरची उपरी, दुसऱ्याच्या मते उलट. त्यावर चर्चासत्र होईल, चहा होईल, नारळ-शाल होईल, आणि एवढ्या सगळ्या काळात त्या अंकात वेताळ चाच्यांना पकडतो की नाही, हे सभागृहातल्या एकालाही ठाऊक नसेल.

हसू नका. अमेरिकेत हे सगळं रीतसर चालतं. तिथे प्रतवारी करणाऱ्या कंपनीकडे कॉमिक पाठवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. मग ०.५ ते १० या पट्टीवर गुण मिळतात. पट्टीत २५ पायऱ्या आहेत. ९.४ आहे, ९.६ आहे, ९.८ आहे, पण ९.५ नाही. का नाही, असं विचारायचं नसतं. ९.६ आणि ९.८ यांत मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावरच्या केसाएवढ्या सुरकुतीचा फरक असतो आणि किमतीत कधीकधी दुपटीचा. गुण मिळाले की कॉमिक कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद होतं. याला स्लॅब म्हणतात. आपल्याकडे स्लॅब टाकला की पेढे वाटतात, तिथेही वाटत असावेत. पेटी फोडलीत तर गुण रद्द. म्हणजे तुमच्या मालकीचं कॉमिक आहे, त्याला ९.८ मिळालेत, आणि ते उघडून पान दोनवर काय आहे ते बघण्याचा हक्क तेवढा तुम्हाला नाही. खुद्द वेताळाच्या गुहेत एक्सकॅलिबर तलवार आहे, अलेक्झांडरचा हिऱ्याचा पेला आहे, तोसुद्धा हे सगळं नुसतं फळीवर ठेवतो. त्याला कुणी गुण दिले नाहीत. बिचाऱ्याचा पेला बहुधा ६.५ला गेला असता.

मग किंमत येते कुठून? सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, जून १९३८चा, किंमत १० सेंट. त्याची ८.५ गुणांची एक प्रत एप्रिल २०२४मध्ये ६० लाख डॉलरला गेली. कारण सोपं आहे. पोरांनी ते अंक वाचून चुरगाळले, आयांनी केरात टाकले आणि दुसऱ्या महायुद्धात देशासाठी म्हणून जी रद्दी गोळा केली, तीत उरलेले गेले. म्हणजे आजच्या भावाचे खरे शिल्पकार टाकणारे आहेत, जपणारे नव्हेत. हे अमेरिकेला कळलं, पण अर्धवट कळलं. नोव्हेंबर १९९२मध्ये सुपरमॅनला मारलं. अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला. यातूनच पोरांच्या कॉलेजची फी निघणार, म्हणून लोकांनी एक वाचायला आणि चार जपायला घेतले. काहींनी पाचही जपले. लाखोंनी छापला, लाखोंनी जपला, आणि म्हणून आजही तो ढिगाने मिळतो. पिशवीसकट.

आपल्याकडे भाव काढायची पद्धत आणखी सुटसुटीत आहे. कुणीतरी मोबाइलवर जाहिरात टाकतो: 'वेताळ, मराठी, अतिदुर्मिळ, पाच हजार.' घेत कुणीच नाही. पण दुसरा ती जाहिरात दाखवून सहा हजार मागतो, 'मार्केट रेट' म्हणून. तिसरा त्या दोघांची सरासरी न काढता थेट आठ. तिघांचेही अंक तिघांच्याच कपाटात आहेत आणि तिघेही बायकोला सांगतायत की कपाटात आठ हजार पडलेत. अहो, मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे! कुणीतरी खिशात हात घालून बाहेर काढली, ती रक्कम म्हणजे भाव. हे कोथिंबीर घेताना आपल्याला बरोबर कळतं.

जुन्या खेळण्यांचा बाजारही असाच, पण त्याचं फार लांबवत नाही. तिथे पिनेऐवजी खोका. चावीची मोटार पळते का, हे गौण. खोका हवा, खोक्याची झडप न फाटलेली हवी. परदेशात रिकामे खोकेसुद्धा विकले जातात, आत काही नसताना. ज्या पोराने वाढदिवसाला खोका टराटरा फाडला आणि मोटार जमिनीवर सोडली, त्याने गुंतवणुकीचं वाटोळं केलं.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. अंकांच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? 'न वाचलेले.' अरे, लाज कशी वाटत नाही? पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव आणि 'इयत्ता चौथी ब' लिहिलेलं असेल तर भाव निम्मा. कोडं पेन्सिलीने सोडवलेलं असेल तर आणखी खाली. कोपऱ्याला चिवड्याचं तेल असेल तर अंक हातातही धरत नाहीत. वीस अंकांचं बाड बांधून, गल्लीतल्या बारा पोरांनी मे महिनाभर आळीपाळीने वाचलेलं असेल, तर ते शून्य, कारण बाइंडरने पिना उपटल्या आणि कडा कापल्या. म्हणजे ज्या अंकाने आपलं काम इमानेइतबारे केलं, तो भंगार. आणि जो छापल्या दिवसापासून ट्रंकेत आडवा पडला, ज्याने एका पोरालासुद्धा अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचा आनंद दिला नाही, तो रत्न! ६० पैशांचा अंक होता तो, पोरांसाठी काढलेला. आणि हेच पिनप्रेमी गृहस्थ पुस्तक प्रदर्शनात नातवाने ऐंशी रुपयांचं नवं मराठी चित्रांचं पुस्तक हातात घेतलं की काय म्हणतात? "ठेव ते, ऐंशी रुपये सोळा पानांना? आणि तू मराठी कुठे वाचतोस?" वाचणार कुठून? घरातलं मराठी सगळं प्लास्टिकमध्ये भरून, वर ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून, कपाटाला कुलूप घालून ठेवलंय तुम्ही! पोराने हात लावला तर "बोटांचे ठसे उमटतील!" म्हणून किंचाळता. आणि मग व्याख्यानाला जाऊन पहिल्या रांगेत बसून मराठी मुलांची वाचनाची आवड गेली म्हणून चुकचुकता. आवड गेली नाही, तुम्ही ती सीलबंद करून ठेवलीत.

असो. रक्तदाब वाढतो.

कालच एका संग्राहकाचा फोन आला. आवाज खाली आणलेला, जणू पलीकडे कुणी ऐकतंय. त्यांचा संच पूर्ण होत आलाय. फक्त १२३ आणि १२४ हे दोन अंक राहिलेत. आता या छंदातल्या कुणालाही माहीत आहे की इंद्रजालचे १२३ आणि १२४ संपामुळे छापलेच गेले नाहीत. मी तसं सांगितलं. ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, "तसं सगळ्यांना सांगतात, भाव वाढू नये म्हणून. एकाकडे १२३ आहे. आगाऊ रक्कम मागतोय. घेऊ का?"

घ्या, म्हटलं. न वाचलेला असेल, याची हमी माझी.