दुपारी साडेतीनचा पुरुष

माझं पौरुष डेसीलिटरमागे 268 नॅनोग्राम भरतं, हे मला वयाच्या 49व्या वर्षी व्हॉट्सअॅपवर कळलं. नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कमी'. साधारणपणे 300 च्या खाली आकडा गेला की डॉक्टरांच्या भुवया वर जातात म्हणे. बायकोनं रिपोर्ट चष्म्यातून, मग चष्म्यावरून वाचला आणि म्हणाली, "अहो, व्हिटॅमिन डीसुद्धा कमीच आहे." एवढंच. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला या बातमीत नवं काहीच वाटू नये, हे मला जास्त लागलं.

खरं तर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची ही तपासणी मी हौसेनं केली होती. 'पुरुषांसाठी खास पॅकेज', आणि दुपारची वेळ घेतली तर वीस टक्के सूट. मी सूट सोडणाऱ्यांतला नाही. आमटी-भात हाणून, वर चार घास ताकभात खाऊन मी साडेतीनला जांभई देत रक्त दिलं.

बातमी मी फक्त एका मित्राला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर पाच जण माझी वाट बघत होते. "लेका, अश्वगंधा सुरू कर. दुधातून. रात्री." अश्वगंधा या नावाचा अर्थ घोड्याचा वास, आणि आपल्या पूर्वजांनी हे नाव अलंकारिक ठेवलेलं नाही. महिनाभर आमच्या स्वयंपाकघराचा तबेला झाला होता. दुसऱ्यानं कवचबीज सुचवलं. कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी, हे कळल्यावर मात्र मी दचकलो. शाळेत असताना तिच्या शेंगेवरची लव आम्ही गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीवर पसरली होती. पुढचा तासभर मास्तरांचं जे झालं, ते पाहता ही वनस्पती पुरुषाला चैतन्य देते याबद्दल मला शंका नाही.

सांगलीच्या आत्यानं डिंकाचे चाळीस लाडू पाठवले. हे लाडू बाळंतिणीला देतात, असं मी फोनवर म्हणालो. "अशक्तपणा तो अशक्तपणा, त्यात बाई काय नि बाप्या काय!" आत्या म्हणाली. मुलगा व्यायामशाळेत जातो. त्यानं गार पाण्यानं आंघोळ करायला सांगितलं. केली एकदा. शिंका आल्या.

आणि गंमत म्हणजे मला तरतरी वाटायला लागली! जिना चढताना धाप कमी, सोसायटीच्या सभेत आवाज मोठा. तेव्हा वाचनात ब्राऊन-सेकार नावाचे गृहस्थ आले. मोठे शरीरशास्त्रज्ञ. 1889 साली, वयाच्या 72व्या वर्षी, त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसमधल्या विद्वानांच्या सभेत उभं राहून तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या लघवीच्या धारेची लांबी मोजली होती. ती पाव हिश्शानं वाढली होती! पुढे कळलं की तसल्या पाणचट अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे धार वाढवली ती श्रद्धेनं. मी अश्वगंधेच्या डब्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मोजमाप मात्र केलं नाही, शप्पथ.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1849 मध्ये, जर्मनीत गॉटिंगनला बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांवर प्रयोग केला होता. वृषणं काढलेला कोंबडा आरवेना, भांडेना, तुराही सुकलेला. वृषण पोटात कुठेही परत बसवलं की स्वारी पुन्हा आरवायला लागे. आमच्या घरात आरवण्याचं काम फार पूर्वीपासून कुकरकडे आहे, त्यामुळे ही कसोटी मला लागू पडली नाही.

दीड महिन्यानं वजन तीन किलो वाढलं तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टकडे पाहिलंच नाही. "रक्त किती वाजता दिलंत?"

"साडेतीन."

"जेवून?"

"ताकभातासकट."

"रात्री झोप किती?"

इथे मी जरा चाचरलो. रात्री एकपर्यंत मी जुन्या सामन्यांचे तुकडे मोबाइलवर बघतो, आणि सोसायटीचा सचिव म्हणून पहाटे साडेपाचला पाण्याचा पंप माझ्याच नशिबी.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते आत्याला कळवायचं माझं धाडस अजून झालेलं नाही. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. जेवल्यावर आणखी खाली येतं. शिकागोत दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्के उतरलं. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. आणि पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यातलं अरोमाटेझ नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं थेट इस्ट्रोजेन करून टाकतं. म्हणजे चाळीस लाडू मी पौरुषासाठी खाल्ले आणि खातं उघडलं ते दुसऱ्याच नावानं.

"मग अश्वगंधा?"

"छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय. काहींच्या यकृताला त्रासही झालाय. आधी झोपा."

इतका नैसर्गिक उपाय आणि त्याचे पैसे द्यावे लागले. पंपाची जबाबदारी मी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना दिली; त्यांना तशीही झोप येत नाही. मोबाइल रात्री दिवाणखान्यात चार्ज होतो. दर संध्याकाळी बायकोबरोबर टेकडी चढतो; ती पुढे असते. दोन महिन्यांत वजन पाच किलो उतरलं, त्यातले तीन आत्याचेच होते.

मग वेगवेगळ्या दोन दिवशी, सकाळी पावणेआठला, उपाशीपोटी रक्त दिलं. 391 आणि 407. बायकोनं दोन्ही रिपोर्ट वाचले आणि म्हणाली, "व्हिटॅमिन डी अजून कमीच आहे, अहो."

तुम्हालाही ही तपासणी करायची असेल, तर सकाळी दहाच्या आत करा. त्या वेळेला सूट नसते.